जुन्या भागांची विजेवरची सायकल : खानदेशातील एका खटाटोपाचा आढावा

बैलगाडी कोणी दुकानातून विकत आणीत नसे; ती सुताराने आणि लोहाराने मिळून गावातच घडवावी, तिच्या चाकांवर लोखंडी धावा तापवून चढवाव्यात, आणि एखादा आरा निखळला तर ती पुन्हा त्याच सुताराच्या अंगणात उभी करावी, असा परिपाठ खानदेशात कालपरवापर्यंत चालू होता. कारखान्यात तयार होणाऱ्या वाहनाने वाहनाचा धनी आणि वाहनाचा कर्ता यांच्यातील हा संबंध तोडला, आणि पुढे तर वाहन उघडून पाहणे हाच कंपनीच्या हमीपत्राचा भंग ठरू लागला. अशा काळात जळगाव-धुळ्याकडील काही तरुण व कारागीर मंडळी भंगारातली सायकल, मोडीत निघालेल्या ई-वाहनाचे सुटे भाग आणि निकामी ठरलेल्या लॅपटॉपांतील सेल एकत्र आणून घरच्या घरी विजेवर चालणारे दुचाकी वाहन उभे करू पाहतात, ही गोष्ट केवळ हौसेची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिच्यात यंत्रशास्त्र आहे, जमाखर्च आहे, कायदा आहे, आणि एका मुलखाच्या कारागिरीचा इतिहासही आहे.

अशा वाहनाविषयी लोक सहसा दोनच प्रश्न विचारतात : किती धावते, आणि खर्च किती आला? दोन्ही प्रश्न रास्त असले तरी मुळाशी जाणारे नाहीत. नव्या भागाबरोबर त्याच्या कर्त्याचा दाखला येतो. जुना भाग स्वस्त मिळतो तो बहुधा त्याचा दाखला हरवलेला असतो म्हणूनच. तो किती वर्षे चालला, किती तापला, पाण्यात बुडाला की नाही, मालकाने तो का काढून टाकला, यांपैकी काहीही विकणारास ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी तो सांगेलच असे नाही. तेव्हा जुन्या भागांपासून वाहन उभारणे म्हणजे हरवलेला दाखला स्वतःच्या परीक्षेने पुन्हा मिळविणे होय. ज्या भागाची परीक्षा घरच्या साधनांनी होऊ शकते तो जुना घ्यावा, ज्याची होऊ शकत नाही तो घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून पुढील विवेचन त्याच अनुरोधाने केले आहे.

पूर्वपीठिका

सायकलीला वीज जोडण्याची कल्पना मुळीच नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन याने ३१ डिसेंबर १८९५ रोजी ज्या सायकलीचे पेटंट मिळविले, तिच्या मागल्या चाकाच्या मध्यभागीच मोटार बसविलेली होती. आज जिला आपण हब मोटार म्हणतो तिचीच ही पूर्वज. पुढील जवळजवळ शंभर वर्षे हा प्रकार अडून राहिला तो मोटारीपाशी नव्हे, बॅटरीपाशी. शिशाच्या बॅटरीचे वजन सायकलीसारख्या हलक्या वाहनाला पेलवणारे नव्हते. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला, १९९३ साली यामाहाने पायडलावरील जोर ओळखून तेवढेच साहाय्य करणारी सायकल जपानात विक्रीस काढली, आणि तेथून या वाहनाचा आधुनिक इतिहास सुरू झाला.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विषयात दोन प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला फलटणचा. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस सायकल-रिक्षाला विजेची मोटार जोडून 'इलेक्शा' नावाचे वाहन तयार केले. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की रूढ सायकल-रिक्षाचा सांगाडाच सदोष आहे हे ओळखून त्यांनी आधी सांगाडा, गिअर आणि ब्रेक यांची फेररचना केली. सदोष वाहनाला मोटार लावली तर दोषही मोटारीच्या वेगाने धावू लागतात, हे घरगुती प्रयोग करणारांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते. दुसरा प्रसंग सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जुळवून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, पायाने किक मारून सुरू होणारी लहानशी चारचाकी तयार केली, आणि २०२१ च्या अखेरीस तिची कीर्ती देशभर झाली. ती विजेवरची नव्हती. पण तिची पुढची कथा आपल्या विषयाशी निगडित आहे. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी लोहारांचे मनापासून कौतुक केले आणि त्याच वेळी हेही स्पष्ट सांगितले, की हे वाहन नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ते थांबविणारच. म्हणून त्याच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कौतुक झाले, बक्षीस मिळाले, परंतु जे वाहन केले होते ते रस्त्यावर चालविण्याचा मार्ग मात्र कोणालाच सापडला नाही.

मुलूख आणि त्याची कारागिरी

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. त्यांचेच आजचे वारस म्हणजे जळगाव आणि धुळे, व १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार. या मुलखाचा मोठा भाग तापी, गिरणा, पांझरा आदी नद्यांच्या सपाट खोऱ्यांचा आहे, आणि विजेच्या सायकलीच्या दृष्टीने हीच गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्वार, सायकल आणि बॅटरी मिळून ९५ किलो वजन धरले, तर सपाट रस्त्याने ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यास चाकाशी ११० ते १२० वॉट शक्ती पुरते. तोच रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढू लागला, की त्याच वेगासाठी आणखी सुमारे २६० वॉट लागतात. म्हणजे जळगावहून भुसावळास किंवा अमळनेराहून आसपासच्या खेड्यांस जाताना जी २५० वॉटची मोटार निम्म्या शक्तीवर निवांत चालेल, तीच धुळ्याबाहेरच्या लळिंगच्या घाटात किंवा चाळीसगावच्या दक्षिणेस कन्नडच्या घाटात धापा टाकील. अल्पशक्तीची मोटार पुण्याच्या चढउतारांपेक्षा खानदेशाच्या काळ्या रानातून जाणाऱ्या रस्त्यांना अधिक मानवते.

दुसरी अनुकूल गोष्ट म्हणजे येथील कारागिरी. केळी आणि कपाशी यांच्या या प्रदेशात विहिरींवर विजेचे पंप बसले, कमी दाबाच्या विजेने त्यांच्या मोटारी वारंवार जळू लागल्या, आणि त्या भरून देणारी रिवायंडिंगची दुकाने रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत बाजाराच्या गावी उभी राहिली. तांब्याच्या तारेचा गेज बोटाने ओळखणारा, जळलेल्या गुंडाळीचा वास घेऊन दोष सांगणारा हा वर्ग विद्युत्‌शास्त्राचे पुस्तक न वाचताही मोटारीचे अंतरंग जाणतो. पुढे भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इनव्हर्टर आले, त्यांच्याबरोबर बॅटऱ्या आल्या, आणि बॅटरी तपासणे, तिच्यात पाणी घालणे, ती चार्ज करून देणे हा आणखी एक धंदा गावात रुजला. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटया तयार होतात. टाकाऊ प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणणे हा तेथील व्यवहाराचाच भाग आहे. लेथ, वेल्डिंग आणि रिवायंडिंग ही तिन्ही अंगे जेथे हाकेच्या अंतरावर मिळतात, तेथे असा खटाटोप सुचावा यात नवल नाही.

प्रतिकूल गोष्ट एकच, आणि ती म्हणजे ऊन. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. लिथियम-आयन सेल चार्ज करताना त्यांचे तापमान ४५ अंशांच्या आत असावे असा साधारण दंडक आहे. म्हणजे पत्र्याच्या शेडखाली भर दुपारी चार्जर लावणे येथे निषिद्धच समजावयास हवे. शेतावरून आलेली तापलेली बॅटरी सावलीत निवू द्यावी आणि रात्री किंवा पहाटे चार्ज करावी.

मोटारीची परीक्षा

जुन्या भागांत सर्वांत भरवशाचा भाग मोटार होय, कारण तिची परीक्षा घरच्या घरी आणि थोड्या साधनांनी होते. आजच्या हब मोटारीत कार्बनचे ब्रश नसतात. आत स्थिर गुंडाळी, बाहेर फिरणारी चुंबके, आणि चुंबक कोठे आले हे सांगणारे तीन हॉल सेन्सर असतात. तिच्यातून तीन जाड आणि पाच बारीक तारा आसातून बाहेर येतात. जाड तारांची टोके एकमेकींना लागू न देता चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. मग तिन्ही टोके एकत्र पिळून चाक पुन्हा फिरवावे; आता ते सर्व बाजूंनी सारख्याच जोराने अडले पाहिजे. तारा सुट्या असतानाच चाक अडत असेल तर आतील गुंडाळी जळून एकमेकीला चिकटली आहे, आणि जोडल्यावरही ते ढिलेच फिरत असेल तर एखादी गुंडाळी तुटली आहे, असे समजावे. त्यानंतर बारीक तारांपैकी लाल-काळ्या जोडीस पाच व्होल्ट देऊन, उरलेल्या तिहींना त्याच पाच व्होल्टांशी एकेक रोधक (रेझिस्टर) जोडून, त्यांवर मीटर धरावे आणि चाक हळूहळू फिरवावे. प्रत्येक तारेवर दाब शून्य आणि पाच असा आलटून पालटून दिसला, की सेन्सर शाबूत आहेत. तार आसातून जेथे बाहेर पडते तेथे ती कापली गेली आहे का, आणि झाकण उघडल्यावर आत गंज आहे का, एवढे पाहिले की मोटारीचा हरवलेला दाखला बव्हंशी परत मिळाला. सेन्सर बिघडला असला तरी तो अल्प किमतीत बदलता येतो, आणि गुंडाळी जळली असली तरी ती भरून देणारा कारागीर या मुलखात सापडतो.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचा निरास केला पाहिजे. मोडीत निघालेल्या ई-स्कूटरची मोटार सायकलीस सहज बसेल असे अनेकांस वाटते. वस्तुतः तिचे चाक ओतीव असते, त्यात सायकलीचे आरे भरता येत नाहीत; आणि तिची गुंडाळी लहान चाकाच्या हिशेबाने केलेली असते. बाहेरून सोळा इंच व्यासाच्या चाकात जी मोटार ताशी २५ किलोमीटर देते, तीच त्याच व्होल्टेजवर २६ इंची चाकात ४० किलोमीटरच्या घरात जाऊ पाहते, आणि हा वेग देण्याइतका जोर तिच्यात नसल्याने निघताना व चढावर ती नुसतीच तापते. स्कूटरमधून घ्यावयाचे ते ॲक्सिलरेटरची मूठ, ब्रेक दाबताच मोटार बंद करणारे लिव्हर, दिवे, हॉर्न आणि जुळत असेल तर मोटारीला बॅटरीची वीज बेताने पुरविणारा कंट्रोलर. मोटार मात्र मुळात सायकलीसाठीच केलेली असावी. ट्रकच्या वायपरची मोटार, गाडीचा अल्टरनेटर इत्यादी वस्तूंवर होणारे प्रयोग वर्गात दाखविण्यापुरते ठीक. रोजच्या वाटचालीस त्यांचा उपयोग नाही.

बॅटरीचा मामला

बॅटरीपाशी आले की प्रकरण बदलते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, नळकांड्यासारखे सेल असतात. बॅटरी मेली असे आपण म्हणतो तेव्हा त्यांतले एकदोनच गेलेले असतात आणि उरलेल्यांत जीव असतो, हे खरे आहे. ३६ व्होल्टांची बॅटरी करावयाची तर असे दहा गट एकापुढे एक जोडावे लागतात, आणि प्रत्येक गटात पाच सेल धरले तर एकूण ५० सेल होतात. २५० वॉटची मोटार पूर्ण शक्तीने चालताना बॅटरीतून सुमारे नऊ अँपिअर ओढते, म्हणजे प्रत्येक सेलच्या वाट्यास पावणेदोन अँपिअर येतात. दोन अँपिअर-तास क्षमतेचा, मुळात लॅपटॉपसाठी केलेला आणि त्यातून म्हातारा झालेला सेल हा भार जेमतेम सोसतो. गटात पाचाऐवजी सात सेल घातले तर वाटा सव्वा अँपिअरवर येतो आणि सेल तापत नाहीत. परंतु मग ७० सेल पारखून घ्यावे लागतात.

पारख कशी करावयाची याचा क्रम ठरलेला आहे. ज्या सेलचा दाब दोन व्होल्टांच्या खाली उतरून दीर्घकाळ तसाच राहिला आहे तो, पुन्हा चार्ज होत असला तरी, फेकावा. कारण अशा सेलच्या आत तांबे विरघळून पुढे अंतर्गत शॉर्ट होण्याचा संभव असतो. उरलेले ४.२ व्होल्टांपर्यंत चार्ज करून आठवडाभर तसेच ठेवावेत आणि ज्यांचा दाब आपोआप उतरला ते बाजूस काढावेत. मग प्रत्येकाची क्षमता मोजून, जवळपास सारख्या क्षमतेचे सेल निवडून, सर्व गटांची बेरीज समान होईल अशी वाटणी करावी. एकापुढे एक जोडलेल्या गटांत सर्वांत दुबळा गटच संपूर्ण बॅटरीची मर्यादा ठरवितो. जोडणी निकेलच्या पट्टीने आणि स्पॉट वेल्डिंगने करावी. सेलला थेट डाग देऊ नये, त्या उष्णतेने आतील पडदा बिघडतो. आणि प्रत्येक गटाच्या दाबावर नजर ठेवणारे बीएमएस लावल्यावाचून अशी बॅटरी वापरू नये.

इतके सर्व करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो : हा सेल यापूर्वी कधी अतितप्त झाला होता काय, आपटला होता काय? याचे उत्तर कोणताही मीटर देत नाही. धुळ्यात ज्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे आहे त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी अस्सल कागदावाचून विधान करावयाचे नाही अशी शिस्त मराठी इतिहासलेखनास घालून दिली. जुन्या लिथियम सेलच्या बाबतीत तो अस्सल कागदच कोणापाशी नसतो. आणि येथे चुकीची किंमत अमान्य झालेल्या सिद्धान्ताच्या रूपाने द्यावी लागत नाही. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो, आणि ती आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते. भरपूर पाण्याने निववीत राहणे हाच तिच्यावर उपाय. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कारखान्यांतून आलेल्या नव्या ई-स्कूटरीही पेटल्या, आणि त्यामुळे केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून दोन टप्प्यांत कडक केले. कारखान्याची ही कथा, तर जिन्याखाली चार्जिंगला लावलेल्या घरगुती बॅटरीची काय सांगावी!

जुनी घ्यावयाचीच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी तुलनेने शांत असते. मात्र असे तयार मोड्यूल भंगारात दिसले की ते कोठून आले याची खातरजमा करावी. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या चोरीस जाणे ही पोलिसांच्या दप्तरी नेहमीची बाब आहे, आणि चोरीचा माल चोरीचा आहे असे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास जागा असून, जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली अपराध आहे. विक्रेत्याच्या सहीची पावती नसेल तर तो सौदा करू नये. शिशाच्या बॅटरीस निदान एक सोय आहे, की मेल्यावरही ती वजनावर विकली जाते. लिथियमचे तसे नाही. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली असली तरी घरी जुळविलेल्या बॅटरीचा उत्पादक कोण? ती घंटागाडीत टाकून मोकळे होणे मात्र सर्वथा अनुचित होय.

सांगाडा, आरे आणि ब्रेक

सांगाड्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, कारण तो डोळ्यांसमोर असतो. जुनी काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल मजबूत खरी. तिचे पोलाद वेल्डिंगला सोपे असते आणि भंगारात ती मुबलक मिळते. परंतु तिच्या पुढल्या चाकास ३२ आणि मागल्यास ४० आरे असतात, तर बाजारातील बहुतेक हब मोटारींस ३६ आऱ्यांची भोके असतात. तेव्हा तिची मूळ रिम निरुपयोगी ठरते. तिच्या पुढल्या चिमट्याची खाच आठ मिलिमीटरच्या आसाची, आणि मोटारीचा आस चपट्या बाजूने दहा मिलिमीटरचा. खाच कानशीने घासून मोठी करावी तर जेथे सर्वाधिक जोर यावयाचा तेथेच लोखंड पातळ होते. यापेक्षा २६ इंची, ३६ आऱ्यांची, रेंजर नावाने ओळखली जाणारी सायकल अधिक सोयीची. कोणतीही सायकल घेतली तरी मोटार शक्यतो मागल्या चाकात बसवावी, आणि आस खाचेत फिरू नये म्हणून त्याला पकडणारी जाड लोखंडी पट्टी सांगाड्याला बोल्टने जखडावी. ही पट्टी नसेल तर निघतानाच्या झटक्याने आस स्वतःभोवती फिरतो, तारा पिळवटून तोडतो आणि चाक खाचेतून सुटते.

ब्रेकची बाब तर सर्वांत निकडीची. पायडल मारीत जाणारी सायकल ताशी बारा किलोमीटरच्या आसपास चालते. वेग पंचविसांवर गेला की गतिज ऊर्जा चौपटीहून अधिक होते, आणि त्यात मोटार व बॅटरी यांचे वजन वाढलेले असते. दांड्यांचे ब्रेक आणि मुलामा दिलेली रिम पावसाळ्यात आधीच दगा देतात. म्हणून ब्रेक, त्यांच्या तारा, टायर, आणि पुढला चिमटा या वस्तू नव्याच घ्याव्यात. चाक भरून त्याचा आऊट काढण्याचे काम मुरलेल्या सायकल मिस्त्रीकडे सोपवावे. मोटार भरलेल्या चाकाचे आरे पहिल्या काही दिवसांत सैल होतात आणि ते पुन्हा ताणावे लागतात, हे त्यालाच ठाऊक असते.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २(यू) अन्वये, ज्या दुचाकीच्या मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटहून कमी व वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आहे, आणि बॅटरी वगळता जिचे वजन ६० किलोंहून अधिक नाही, ती 'मोटार वाहन' समजली जात नाही. अर्थात तिला नोंदणी, विमा आणि चालविण्याचा परवाना लागत नाही. पायडल मारल्यावर साहाय्य करणाऱ्या आणि २५ किलोमीटरला ते साहाय्य थांबविणाऱ्या सायकलीसही अशीच सूट आहे. घरगुती प्रयोग करणारे येथपर्यंतच वाचतात. परंतु ही सूट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या पडताळणीवर अवलंबून आहे, आणि ती पडताळणी कारखान्याच्या नमुन्याची होते. एकट्या माणसाने केलेल्या एकाच वाहनासाठी तिच्यात सोयीची वाट नाही.

जुन्या पेट्रोल मोटारसायकलीचे इंजिन काढून तेथे विजेची मोटार बसविणे हा मामला आणखी गंभीर. नोंदणीपुस्तकात जे नमूद आहे त्यात फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ने निर्बंध घातला आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अशा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. यास कायदेशीर पर्याय म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून संमत झालेला रूपांतर-संच बसवून घेणे; २०२१ साली ठाण्याच्या गोगोए१ कंपनीने स्प्लेंडरसाठी असा संच सुमारे ३५ हजार रुपयांस, बॅटरी वगळून, विक्रीस आणला. 'हे तर जुगाड आहे, यास मोटार वाहनाचा कायदा कसा लागू?' हा युक्तिवादही आता उरलेला नाही. १० मे २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हे मोटार वाहनच ठरविले. २५० वॉट आणि २५ किलोमीटर यांच्या आत असलेल्या सायकलीस रस्त्यात सहसा कोणी अडवीत नाही. पण अपघात झाला, कोणी जखमी झाले आणि प्रकरण फिर्यादीपर्यंत गेले, की विमा नसलेल्या, दाखला नसलेल्या या वाहनाची कैफियत मांडणे कठीण पडते.

जमाखर्च

सायकलीस दर किलोमीटरला साधारण १० वॉट-तास ऊर्जा लागते. चार्जिंगमधील तूट धरून शंभर किलोमीटरला सव्वा युनिट वीज, म्हणजे दहा-बारा रुपये. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलीस तेवढ्याच अंतरासाठी दोन लिटर पेट्रोल, म्हणजे दोनशे रुपयांहून अधिक लागतात. रोज २० किलोमीटर जाणाऱ्या माणसाचे वर्षाकाठी दहा हजारांहून अधिक रुपये वाचतात, यात शंका नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. दहा-बारा हजारांची नवी बॅटरी पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली आणि दर वेळी ३० किलोमीटर चालली असे धरले, तर ती पंधरा हजार किलोमीटर देते आणि किलोमीटरला सुमारे पाऊण रुपया पडते. जुन्या सेलांची बॅटरी निम्म्या किमतीत झाली आणि आयुष्य एकतृतीयांशच निघाले, तर तीच किलोमीटरला रुपयाहून महाग ठरते. शिवाय सेल पारखण्यात गेलेली मजुरी, बीएमएस, निकेलपट्टी आणि जोखीम वेगळीच. उलट जुनी मोटार, कंट्रोलर, सांगाडा, दिवे यांवर वाचलेला पैसा खरोखरच वाचतो, कारण त्यांचे उरलेले आयुष्य पारखता येते आणि ते पुष्कळ असते. काटकसर सर्वत्र सारखी केली तर ती काटकसर राहत नाही.

निर्णय

हा खटाटोप करणारांत अभियांत्रिकीचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी आहेत, रिवायंडिंग-वेल्डिंगचे कारागीर आहेत, आणि गरजवंतही आहेत : शेतावर जाणारा, दूध घालणारा, हाताने तीनचाकी चालविणारा दिव्यांग. विद्यार्थ्यांचे वाहन तोंडी परीक्षा झाली, की प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. कारागिराचे वाहन चालते, पण त्याचे मोजमाप कोणी टिपून ठेवीत नाही. आणि गरजवंताला या दोघांपैकी कोणाकडे जावे हे उमगत नाही. एकाकडे मापनाची साधने आहेत, दुसऱ्याकडे हात आहे, तिसऱ्याकडे काम आहे. जळगाव आणि धुळे येथील शासकीय तंत्रनिकेतने, तसेच तालुक्यांच्या आयटीआय यांनी महिन्यातून एक दिवस अशा सायकलींच्या तपासणीसाठी ठेवला, ब्रेकचे अंतर, मोटारीची शक्ती, २५ किलोमीटरला तिचे थांबणे, बॅटरीची क्षमता आणि तारांचे आवरण एवढे तपासून एक वर्षाच्या मुदतीचा लेखी दाखला दिला, आणि परिवहन खात्याने २५० वॉटच्या आतील एकएकट्या सायकलींपुरता तो ग्राह्य धरण्याची तजवीज केली, तर या तिघांची गाठ पडेल. यास नवी संस्था लागत नाही, मोठा निधी लागत नाही. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळते आणि रस्त्यावर काय चालते आहे हे सरकारासही कळते.

अशी व्यवस्था होईपर्यंत, ज्यास ही सायकल करावयाचीच आहे त्याने सांगाडा जुना पण न तडकलेला घ्यावा, मोटार पारखून घ्यावी, बॅटरी आणि ब्रेक नवे घ्यावेत, वेग पंचविसांच्या आत बांधून ठेवावा, आणि प्रत्येक जुन्या भागाची पावती व चाचणीची नोंद एका वहीत लिहून ठेवावी. या रीतीने केलेले वाहन फुकटात होणार नाही; नव्या संचापेक्षा ते काही हजारांनीच स्वस्त पडेल. परंतु त्याच्या धन्यास त्यातील प्रत्येक भाग कसा आहे हे माहीत असेल, आणि तो बिघडला तर गावातच दुरुस्त होईल. एवढ्या लाभासाठी हा खटाटोप करण्यास हरकत नाही.